पन्हाळ बसवायची आहे? फुटाचा रेट सगळ्यात शेवटी विचारा



आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे माझ्यासारख्या स्टेशनरीवाल्याचा वर्षातला सगळ्यात मोठा माल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात येऊन पडलेला असतो. माझ्या दुकानाचं ते दुसरं वर्ष होतं. वह्यांचे गठ्ठे मागच्या भिंतीला लावून ठेवले होते. रात्री दीड-दोन तास पाऊस झाला. सकाळी शटर उघडलं तर खालचे तीन थर फुगलेले. टिनातून एक थेंब गळला नव्हता. पाणी आलं होतं पन्हाळीतून, आणि ती पन्हाळ मी महिनाभरापूर्वीच नवी बसवून घेतली होती.

तीन जणांकडून भाव घेतला होता. फुटामागे ३० रुपये कमी सांगणाऱ्याला काम दिलं. ४० फुटांवर १२०० रुपये वाचवले आणि १८ हजारांच्या वह्या रद्दीत घातल्या. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हेही सांगून टाकतो.

तेव्हापासून दुकान, गोदाम, होमस्टे किंवा छोटं वर्कशॉप सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगतो. पन्हाळीचा भाव फुटावर सांगतात, पण आपण फूट विकत घेत नाही. छपरावर पडलेलं पाणी भिंतीला न लागता बाहेर गेलं पाहिजे, हे काम आपण विकत घेतो. त्यामुळे ठेकेदार निवडताना आधी पाण्याचं बोलायचं, मग पत्र्याचं आणि शेवटी रुपयांचं.

(गटर म्हटलं की आपल्याकडे लोकांना रस्त्याकडेची नाली आठवते. फॅब्रिकेशनवाले छपराच्या पन्हाळीलाही गटरच म्हणतात. मी इथे पन्हाळच म्हणतो, म्हणजे गोंधळ नको.)

माझ्या पन्हाळीचं नेमकं चुकलं काय?

आधी हिशोब बघू. सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. माझं छप्पर एका उताराचं, साधारण १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस आला तर तासाभरात ४६५० लिटर पाणी. मिनिटाला जवळपास ७७ लिटर, म्हणजे दर मिनिटाला पाच मोठ्या बादल्या. आणि आपल्याकडचा वादळी पाऊस काही मिनिटं याच्या दुप्पट वेगानंही पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण पन्हाळीला वर्षाच्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. तिची परीक्षा त्या दहा मिनिटांतच होते.

आता पाईप बघा. छपराच्या पाण्यासाठी आपल्या देशात वापरतात त्या तक्त्याप्रमाणे तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० मिलिमीटरचा म्हणजे चार इंची पाईप साधारण ४२ चौरस मीटर छपराचं पाणी नेतो. ७५ मिलिमीटरचा म्हणजे तीन इंची पाईप फक्त २० चौरस मीटरचं. एक इंचाचा फरक, पण क्षमता निम्म्यावर! माझ्या ९३ चौरस मीटरच्या छपराला त्या भावानं एकच तीन इंची पाईप लावला होता.

पाणी मावलं नाही, पन्हाळ भरली. तरीही ते अंगणात सांडलं असतं तर वह्या वाचल्या असत्या. पण पन्हाळीची भिंतीकडची कडा पुढच्या कडेपेक्षा खाली होती, म्हणून पाणी भिंतीवर सांडलं आणि विटांच्या फटीतून आत आलं.

यातली एकही गोष्ट फुटाच्या भावात दिसत नाही. म्हणून खालचे सात प्रश्न.

१. "पाणी सोडायचं कुठं?" हे तो स्वतःहून विचारतो का?

दुसऱ्या वेळी मी ज्याला काम दिलं, त्यानं आल्या आल्या टेप काढलाच नाही. घराला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पानी सोडाचं कुठं हाय, भाऊ?" मी म्हटलं, मागं. तो म्हणाला, "मागं शेजाऱ्याची भिंत हाय. उद्या तो भांडाले येईल." तिथंच माझा अर्धा निर्णय झाला होता.

पाणी नालीत जाणार, विहिरीत जाणार की बागेत, हे आधी ठरतं. त्यावरून पाईपची जागा ठरते, पाईपच्या जागेवरून उतार ठरतो आणि मग पन्हाळ. जो थेट टेप लावून फूट मोजायला लागतो, तो पत्रा विकायला आला आहे.

विहिरीत किंवा टाकीत पाणी घेणार असाल तर घुग्घुसकरांनी एक लक्षात ठेवा. आपल्या छपरांवर उन्हाळाभर कोळशाची आणि सिमेंटची धूळ बसते. पहिल्या दोन-चार पावसांचं पाणी बाहेर सोडता येईल असा व्हॉल्व्ह किंवा काढता येणारा तुकडा पाईपला हवाच.

२. किती पाईप, किती इंची?

वरचा हिशोब त्याला तोंडपाठ नसला तरी चालेल. पण "एक पाईप बस होते" असं म्हणाला, तर छपराचं क्षेत्रफळ विचारून तरी म्हणतो का, ते बघा. घरचा नियम असा ठेवा: दर ४५० चौरस फूट छपराला एक चार इंची पाईप. १००० चौरस फुटांना दोन तरी हवेतच.

३. उतार किती आणि कोणत्या बाजूला?

पन्हाळ डोळ्यांना सरळ दिसली पाहिजे, पण ती सरळ नसते. दर दहा फुटाला कमीत कमी पाव इंच उतार लागतो. धूळ आणि पाला असलेल्या जागी मी अर्धा इंच सांगतो, कारण पाणी संथ झालं की गाळ तिथंच बसतो. ४० फुटांची पन्हाळ एकाच बाजूला उतरवली तर दोन इंचाचा फरक येतो आणि तो समोरून वाकडा दिसतो. मधला भाग उंच ठेवून दोन्ही टोकांना एकेक पाईप दिला की प्रत्येक बाजूला एकच इंच. दोन पाईपचा प्रश्नही सुटतो.

उतार कशानं काढणार, हेही विचारा. पाणीनळी, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, किंवा लेझर, दोन्ही चालतं. "अंदाज हाय ना भाऊ, टेन्शन नोका घेऊ" हे चालत नाही.

४. पत्रा कोणता, किती गेजचा?

गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे नव्या लोकांना उलटं वाटतं. २६ गेज म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, २४ गेज ०.६ च्या आसपास आणि २२ गेज ०.८ च्या आसपास. एक जण २६ गेजचा भाव सांगतो आणि दुसरा २२ चा, आणि आपण दोन्ही भाव शेजारी ठेवून "हा महाग आहे" म्हणतो. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर किती, हेही विचारा. तो जीएसएममध्ये सांगतात. १२० पेक्षा २७५ जीएसएमचा थर जाड आणि जास्त टिकाऊ. ओली धूळ, त्यातही सिमेंटची, जस्ताला खाते. आपल्या भागात हा खर्च वाया जात नाही.

पीव्हीसी घ्यायची असेल तर उन्हाचा विचार करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ४० फुटांची पीव्हीसी पन्हाळ ३० अंशांच्या फरकाला जवळपास अडीच सेंटिमीटर लांब-आखूड होते. लोखंडी पत्रा त्याच फरकाला अर्धा सेंटिमीटरही सरकत नाही. म्हणून पीव्हीसीचे सगळे सांधे सोल्युशननं घट्ट चिकटवणारा माणूस नको. मधे सरकायला जागा देणारा रबरी सांधा तो कुठं टाकणार, ते विचारा.

५. सांधे किती आणि ते कसे बंद करणार?

गळती बहुतेक सांध्यातूनच सुरू होते. अमेरिकेच्या उत्तरेला मोठ्या तळ्यांच्या काठी, मिशिगन-मिनेसोटाकडे, पन्हाळीचा ठेकेदार हा वेगळा धंदाच आहे. तो गाडीवर मशीन घेऊन येतो आणि ॲल्युमिनियमच्या गुंडाळीतून घरासमोरच अख्ख्या लांबीची बिनसांध्याची पन्हाळ काढून देतो. तिथं छपराच्या कडेला बर्फ साचतो, त्यामागं पाणी तुंबतं आणि उलटं छपरात शिरतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण सांध्याचं गणित तेच आहे. आपला फॅब्रिकेटर आठ-दहा फुटांचे तुकडे वाकवून जोडतो. म्हणून विचारा: एकावर एक किती इंच चढवणार? वरचा तुकडा उताराच्या दिशेनं आत बसणार ना? रिव्हेट किती आणि सीलंट कोणतं? नुसतं वरून सिलिकॉन फासणं म्हणजे एका पावसाळ्याचं काम. सीलंट दोन पत्र्यांच्या मधे जायला हवं.

आणि कडा? पुढची कडा मागच्यापेक्षा थोडी खाली. पन्हाळ तुंबलीच तर पाणी पुढे पडू द्या, भिंतीवर नको. माझ्या १८ हजारांची शिकवण एवढीच.

६. माझ्या जागेत पाला कसला पडतो, हे त्यानं बघितलं का?

मागच्या वर्षी आमच्या बॅचमधल्या एक ताई मोहर्लीकडे दोन खोल्यांचा होमस्टे उभा करत होत्या. एका बाजूला इरई धरणाचं पाणी, बाकी तीन बाजूंना जंगल. त्यांना एका ठेकेदारानं सांगितलं होतं, "बारीक जाळी लावून देतो, मग बघायलाच नको."

बघायलाच लागतं. सागाची पानगळ हिवाळा सरताना सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. सागाचं एक पान ताटाएवढं. ते जाळीवर आडवं पडलं की पाणी त्याच्यावरून सरळ खाली. बांबूचं पान उलट, बारीक. ते जाळीतून आत जातं आणि पाईपच्या तोंडाशी गठ्ठा करतं. म्हणजे जंगलाकाठी जाळी हवी, पण उचलून झटकता येईल अशी, आणि पाईपच्या तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटासारखी टोपी हवी. सपाट जाळी एका पानानं बंद होते.

घुग्घुसला गोष्ट वेगळी. इथं पाल्यापेक्षा धूळ जास्त. बारीक जाळीवर धुळीचा लेप बसतो आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो. इथं उघडी, थोडी रुंद आणि शिडीवरून हात पोचेल अशी पन्हाळ बरी.

आणि वानरं! जंगलाच्या कडेला पन्हाळीवरून वानर धावणार, लटकणार. पीव्हीसी तिथं टिकत नाही. जीआय पत्रा घ्या आणि ब्रॅकेट तीन फुटांवर नको, दोन फुटांवर घ्या. ते कवेलूच्या पातळ रिपेला नाही, मजबूत लाकडाला किंवा लोखंडी अँगलला बसवा. ताईंचा पहिला ठेकेदार वानरांबद्दल एक शब्द बोलला नव्हता. दुसरा बोलला. काम त्यालाच मिळालं, आणि त्याचा भाव जास्त होता.

७. माणसं वर चढणार, त्यांचं काय?

हा प्रश्न आपण विचारतच नाही. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेतो असं दिसतं, पण जुना पत्रा पाय पडताच फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. अशा छपरावर आडव्या फळ्या टाकूनच काम करायचं, आणि दोरी-पट्टा बांधून. दुसरं, महावितरणची वायर छपराच्या कडेनं येत असेल, तर दहा फुटांचा लोखंडी तुकडा उचलताना तो तारेला लागू शकतो. वीज बंद करून घेतल्याशिवाय तिथं काम नाही.

पट्टा आहे का, मजुरांचा अपघात विमा आहे का, हे स्पष्ट विचारा. "आमची पोरं पटाईत हायेत" हे उत्तर नाही. आपल्या १००० रुपयांच्या बचतीसाठी कोणाच्या घरचा कमावता माणूस पडू नये. धंदा करणाऱ्यानं एवढं पाळलंच पाहिजे.

आता भाव

सात प्रश्नांची उत्तरं मिळाली की तिघांनाही एकच चिठ्ठी पाठवा. मी व्हॉट्सॲपवर अशी पाठवतो:

"जीआय पन्हाळ ४० फूट, २४ गेज. उतार मधून दोन्हीकडे, दर १० फुटाला अर्धा इंच. चार इंची पाईप २, खाली नालीपर्यंत. ब्रॅकेट दर २ फुटाला. मागची कडा उंच. सांध्यात सीलंट आणि रिव्हेट. जुनी पन्हाळ काढणे, कचरा नेणे धरून एकूण रक्कम किती? पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा येऊन बघणार का?"

आता तिन्ही भाव एकाच कामाचे आले. आता स्वस्त-महाग बोला. घासाघीस करायला माझी काही हरकत नाही, पण गेज आणि पाईप सोडून करा.

पैसे तीन टप्प्यांत द्या: साहित्य जागेवर आलं की ४० टक्के, बसवून झालं की ४०, आणि उरलेले २० पहिला जोराचा पाऊस बघून. मात्र त्याचाही विचार करा. पाऊस लांबला तर त्यानं किती थांबायचं? म्हणून चिठ्ठीत तारीख टाका, "पाऊस न आल्यास १५ जुलैला पैसे". पैसे अडकवून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चांगला कारागीर दुसऱ्यांदा येत नाही.

जीएसटीचंही सांगतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी साधारणपणे सक्तीची नसते. त्यामुळे नंबर नाही म्हणून गावातल्या चांगल्या मिस्त्रीला नाकारू नका. पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावत असेल, तर तिथंच थांबा. साधं बिल, सही, तारीख आणि पेमेंट यूपीआयनं, एवढं पुरतं.

शेवटचे पैसे देण्याआधी मे महिन्यातच घरच्या घरी एक तपासणी करा. पन्हाळीच्या उंच टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाणी पाईपातून आलं पाहिजे आणि पाच मिनिटांनी पन्हाळीत कुठं डबकं दिसता कामा नये. डबकं दिसलं तिथं खडूनं खूण करा आणि ब्रॅकेट वर-खाली करून घ्या. उन्हाळ्यात पाणी वाया जातं असं वाटत असेल तर खाली टब ठेवा आणि झाडांना घाला.

कधी बोलवायचं?

जूनमध्ये सगळेच बोलावतात, तेव्हा कोणी ऐकून घेत नाही. सागाची पानगळ संपली की एप्रिलमध्ये काम ठरवा, मेच्या मध्यापर्यंत पूर्ण करा. होमस्टेवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. गिऱ्हाईक कमी आहे म्हणून या तीन महिन्यांत खोलीकडे दुर्लक्ष होतं. भिंतीत मुरलेलं पाणी ऑक्टोबरमध्ये पहिल्या पाहुण्याला वासावरून कळतं, आणि तो ते रिव्ह्यूमध्ये लिहितो.

आणि ज्यांना हाच धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी

आपल्या बॅचमध्ये वेल्डिंग-फॅब्रिकेशन शिकलेली बरीच पोरं आहेत. सगळे गेट आणि ग्रिल करतात, म्हणून तिथं भावाची मारामारी आहे. पन्हाळीकडे कोणी नीट बघत नाही. वरचे सात प्रश्न गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी तुम्ही त्याला सांगा. छपराचं क्षेत्रफळ काढा, पाईपचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. पहिल्या पावसानंतर न बोलावता एक चक्कर मारा. आणि वर्षातून दोनदा साफसफाईचं काम आधीच ठरवून घ्या: एकदा मेच्या शेवटी, एकदा दिवाळीनंतर. पन्हाळ दहा-पंधरा वर्षांत एकदा बसते, साफसफाई दरवर्षी लागते. पन्हाळ बसवून एकदा पैसे मिळतात, पण धंदा साफसफाईवर चालतो.

माझ्या दुकानाची दुसरी पन्हाळ बसवणारा भाऊ अजूनही मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. वर चढतो, बादलीभर काळा गाळ काढतो, पाणी ओतून बघतो, आपले पैसे घेतो आणि जातो. वह्यांचे गठ्ठे आजही त्याच मागच्या भिंतीला लागलेले असतात. फक्त आता खाली चार इंचाची लाकडी पाटी टाकलेली असते, कारण एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

तुमच्या छपराचं क्षेत्रफळ आणि सध्या किती पाईप आहेत, ते खाली कमेंटमध्ये लिहा. पाईप पुरतात का, ते आपण मिळून काढू.